रिपोर्ट नॉर्मल, मग हे दुखतंय काय?

मेनोपॉजबद्दल मी ऐकलेलं सगळं म्हणजे घाम, चिडचिड, झोप उडणं आणि पाळीचा गोंधळ. हातपाय दुखतील असं मला कुणीच सांगितलं नव्हतं, ना आईने ना ताईने ना कुठल्या डॉक्टरने, आणि प्रत्यक्षात माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त त्रास तोच आला. दोन-अडीच वर्षं हे चाललं, आता बऱ्यापैकी ताळ्यावर आलंय म्हणून क्रमाने लिहून काढते. मी डॉक्टर नाही आणि औषधांची नावं, डोस मुद्दाम देत नाहीये, कारण मला लागू पडलेलं तुम्हाला पडेलच असं काही नाही. पण कुणाकडे जावं लागतं, काय विचारतात, कुठली तपासणी कशासाठी असते, कुठे ताटकळावं लागतं एवढं जरी आधी माहीत असेल ना तरी निम्मी भीती कमी होते.

सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, तेव्हा मी ४७ वर्षांची. पाळी आधीच्या वर्षापासून मागेपुढे होत होती, कधी तीन आठवड्यांनी यायची कधी दोन महिने गायब. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत जोरात कळ यायची, थोडं चाललं की कमी व्हायची. चपला बदलल्या. मार्चमध्ये उजवा अंगठा सुरू झाला, बरणीचं झाकण फिरवताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना मनगटाच्या बाजूला चमक निघायची. वाटलं फोन जास्त होतोय. मे महिन्यात गुडघे, तेही फक्त जिना उतरताना, चढताना काही नाही. मग गुडघे आपोआप थांबले आणि बोटांची पेरं आखडायला लागली, उठल्यावर मूठ नीट वळायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. दुखणं भाडेकरूसारखं जागा बदलत होतं, एकीकडचं सामान पूर्ण हललेलं नसायचं तोवर दुसरीकडे बिऱ्हाड थाटलेलं.

आणि प्रत्येक दुखण्याला एक वेगळं कारण तयार असायचं. टाचेला चपला, अंगठ्याला फोन, गुडघ्याला वजन, मानेला ऑफिसची खुर्ची. प्रत्येक कारण थोडंफार खरंही असेल, पण सगळं एकाच वर्षात कसं काय निघालं हा प्रश्न मनात यायचा आणि मग कामाच्या गडबडीत जायचा.

जूनमध्ये डावा खांदा धरला. आधी नुसतं दुखायचं, मग हात मागे नेऊन ब्राचा हूक लावता येईना, मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लावून बराच वेळ बसल्यावर आत गेले, एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. "वयाप्रमाणे होतं असं," म्हणाले, थोडे दिवस पेनकिलर आणि चोळायला जेल दिलं. मी टाचेचं सांगायला गेले तर म्हणाले आज खांद्याचं बघू, टाचेसाठी वेगळं या. मला तेव्हा राग आला होता पण त्यांच्या बाजूनेही बघितलं तर बाहेर तीसेक माणसं बसलेली, प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, त्यात एका खांद्यापलीकडे काय दिसणार. अडचण अशी की माझं दुखणं एका सांध्याचं नव्हतंच, आणि ते सगळं एकत्र बघायचं काम कुणाचं हे मला कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये खुब्याची बाहेरची बाजू. चालताना ठीक पण रात्री कुशीवर झोपलं की ठणका, दुसऱ्या कुशीवर वळलं तरी वरचा पाय खाली ओढल्यासारखा व्हायचा. आता रात्री झोपायचं कसं हा खरंच प्रश्न होता, डावीकडे खांदा, उजवीकडे खुबा, पाठीवर झोपलं की कंबर. त्यात मध्यरात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन घाम यायचा आणि मग टक्क जाग. सकाळी उठताना वाटायचं की रात्रभर कुणीतरी बडवून काढलंय.

मग फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी निदान सगळं ऐकून घेतलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. इथे एक सांगते. लॅबमध्ये गेलं की मोठ्या पॅकेजचा आग्रह होतो, स्वस्त पडेल म्हणतात. त्यात नको त्या पन्नास गोष्टी असतात आणि हवी ती नेमकी नसते. डॉक्टरांनी लिहिलेला कागद समोर ठेवून एकेका तपासणीचा दर विचारा, मग ठरवा. माझ्या कागदावर होतं हिमोग्लोबिनसकट सीबीसी, अंगातला दाह दाखवणारी ईएसआर, थायरॉइड, शुगर, व्हिटॅमिन डी, बी-१२, कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड आणि संधिवाताची शंका बघायला आरए फॅक्टर. यातलं काहीही बिघडलं तरी अंग दुखू शकतं म्हणून ते आधी बघतात, सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नसतं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही आठवणीने सांगा, काहींना स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात. मला ती चालू नव्हती.

रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी १४, म्हणजे कमीच, २० च्या खाली कमतरता धरतात. बी-१२ काठावर. बाकी नॉर्मल. आणि आरए फॅक्टर मर्यादेच्या किंचित वर, शेजारी ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि पुढचं काय ते तुम्ही ओळखलंच असेल, पहाटे दोनपर्यंत वाकड्या झालेल्या बोटांचे फोटो बघत बसले. नवरा म्हणाला अगं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कशाला बघतेस, पण तेव्हा असलं काही ऐकू येत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी डी आणि बी-१२ चा कोर्स सुरू केला आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. त्यांची तारीख मिळाली नोव्हेंबरची. सप्टेंबर सुरू व्हायचा होता. या डॉक्टरांची संख्या कमी असते त्यामुळे हे बहुतेक ठिकाणी असंच असतं. फोनवर विचारून ठेवा की कुणी अपॉइंटमेंट रद्द केली तर कळवाल का, काही ठिकाणी अशी वेगळी यादी ठेवतात. आणि चिठ्ठीवर त्रास कधीपासून आहे आणि कुठला रिपोर्ट कसा आला हे लिहून घ्या, नुसतं "सांधेदुखी" लिहिलं की त्यावरून समोरच्याला घाई आहे की नाही ते कळत नाही.

वाट बघायच्या त्या दिवसांत मी एक कागद केला आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी तोच पडला, गोळ्यांपेक्षासुद्धा. आडवे रकाने: तारीख, कुठे दुखलं, सकाळी किती मिनिटं आखडलं होतं, सूज होती का, झोप किती झाली, घाम आला का, पाळी कधी आली. रोज झोपताना एक ओळ, त्याहून जास्त नाही, जास्त लिहायला लागलं की दिवसभर दुखण्याकडेच लक्ष राहतं. सूज आली असेल तर त्याच वेळी फोटो काढायचा, कारण डॉक्टरांकडे जायच्या दिवशी हमखास काही नसतं. चार-पाच आठवड्यांनी कागद नुसता डोळ्यांखालून घातला तरी दिसायला लागलं की झोप मोडली की दुसऱ्या दिवशी सगळं अंग धरतं, आणि पाळी लांबली की तो काळ जास्त वाईट जातो. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. त्याआधी इतके महिने मी पाळीची डायरी वेगळी आणि दुखण्याची फाइल वेगळी ठेवत होते, दोन्ही एका पानावर आल्यावरच मला पहिल्यांदा शंका आली.

नोव्हेंबरमध्ये ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. फाइल तारखेप्रमाणे लावून नेली होती, एक्स-रेच्या फिल्म, चालू औषधांची यादी, त्यात आपण मनाने घेतो ती सप्लिमेंटही. त्या बाईंनी खूप प्रश्न विचारले. आखडणं किती वेळ टिकतं, डोळे लाल होतात का, अंगावर चट्टे, ताप, वजन कमी झालंय का, घरात कुणाला संधिवात, सोरायसिस. मग बोटाचा एकेक सांधा दाबून बघितला. खांदा आधी मला हलवायला लावला मग त्यांनी स्वतः हलवला, आणि दोन्ही वेळेला तो त्याच जागी अडला. आणि मग विचारलं, "पाळी कशी आहे?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मी कागद पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला हो, अक्षरशः ओळ न ओळ.

अँटी-सीसीपी, म्हणजे संधिवाताची आणखी नेमकी तपासणी, आणि दाह मोजणारी सीआरपी करायला सांगितलं, ईएसआर पुन्हा. सगळं नॉर्मल आलं. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत असं: आरए फॅक्टर निरोगी माणसांतही थोडासा पॉझिटिव्ह येऊ शकतो, वय वाढतं तसं ते प्रमाणही वाढतं, त्यामुळे तेवढ्या एकट्या आकड्यावर संधिवात ठरत नाही. त्या संधिवातात सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळचं आखडणं तासभर किंवा जास्त टिकतं. माझ्यात त्यातलं काही नव्हतं. "दुखणं खरं आहे, तुमच्या डोक्यातलं नाही, फक्त सांधा खाणारा आजार नाहीये," असं त्या म्हणाल्या आणि मला तिथेच रडू आलं, जरा लाजही वाटली पण टेबलावर टिश्यूचा डबा होता म्हणजे मी पहिली नसणार.

मग त्यांनी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं समजावलं. त्याचं काम गर्भाशयापुरतं आहे असं मला वाटायचं. पण त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा, हाडात, स्नायूत, कूर्चेत, स्नायुबंधात, सांध्याच्या अस्तरात सगळीकडे असतात. मेनोपॉजच्या काळात ते कमी-जास्त व्हायला लागलं आणि मग उतरलं की बारीक दाह वाढतो, स्नायू लवकर कमी होतात, टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची, ताण सोसायची ताकद घटते. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही बायकांना अरोमाटेज इनहिबिटर नावाच्या गोळ्या देतात ज्यांनी शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी खाली जातं, आणि सांधे दुखणं ही त्या गोळ्यांची नेहमीची तक्रार आहे. हे उदाहरण त्यांनी दिलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढे २०२४ मध्ये व्होंडा राइट या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लायमॅक्टेरिक या जर्नलमध्ये हे सगळं एकत्र करून मांडलं, त्यात ७० टक्क्यांहून जास्त बायकांना या काळात हाडं-स्नायू-सांध्यांचा काही ना काही त्रास होतो आणि साधारण २५ टक्के बायकांना तो इतका होतो की रोजची कामं अडतात, असं दिलंय. चारातली एक! आणि तरी आपण प्रत्येकजण एकटीच असल्यासारखी दवाखान्यात बसलेली असते.

खांदा मात्र वेगळा निघाला. तो फ्रोझन शोल्डर होता. चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांत जास्त, शुगर किंवा थायरॉइड असलेल्यांत आणखी जास्त, म्हणून शुगरची एचबीए१सी पण करायला लावली, ती ठीक होती. एक्स-रेत तो दिसत नाही, हात दुसऱ्याने हलवूनही हलत नाही यावरून ओळखतात. खुब्याचं दुखणं म्हणजे सांध्याचं नाही, बाहेरच्या बाजूच्या टेंडनचं. टाच म्हणजे प्लांटर फॅशियायटिस, तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं. थोडक्यात वेगवेगळी नावं होती पण मुळाशी बराचसा एकच बदल.

नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी आल्यावरचं जे असतं त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पहिले दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं. मग घरातले आपल्या कामाला लागतात, "चला, काही नाही निघालं ते बरं झालं," म्हणतात, आणि तुमचा खांदा तसाच असतो. मुलगी म्हणाली आई पण सगळं नॉर्मल आलंय ना मग. नवऱ्यालाही वाटायचं की डोक्यात घेतलंय. शेवटी एका रविवारी मी त्याला सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल म्हणजे भयंकर आजार नाही एवढंच, दुखत नाही असा त्याचा अर्थ नाही, आणि मला सहानुभूती नकोय, ओल्या कपड्यांची बादली तू उचल आणि वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेव. त्याने ठेवले. घरच्यांना दुखणं समजावून सांगण्यापेक्षा नेमकं काम सांगितलेलं जास्त चालतं असा माझा अनुभव आहे.

डिसेंबरपासून फिजिओ. फ्रोझन शोल्डरचे तीन टप्पे सांगितले, आधी दुखत दुखत आखडत जाणं, मग दुखणं कमी पण हात जाम, मग हळूहळू सुटणं, आणि सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात. हे ऐकून मी हबकलेच. सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात त्याने रात्रीचं दुखणं कमी व्हायला मदत होते, मी जानेवारीत घेतलं, दोन आठवड्यांत रात्री बऱ्या जायला लागल्या. शुगर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढू शकते, आधी सांगा. झोपायचं तंत्र फिजिओने शिकवलं: दुखऱ्या हाताखाली उशी, कुशीवर झोपायचं तर दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी म्हणजे खुब्यावर ताण येत नाही, आणि दिवसा पायावर पाय टाकून बसायचं बंद. पायावर पाय टाकून बसायची सवय मोडणं हा व्यायामापेक्षा अवघड भाग होता.

कागदपत्रांचंही इथेच सांगते. फिजिओचा खर्च एका वेळेला कमी वाटतो पण आठवड्यातून दोनदा आणि महिनोन्महिने म्हटलं की तपासण्यांपेक्षा तोच जास्त होतो. विमा असेल तर आधी विचारा की दवाखान्यात दाखल न होता केलेले उपचार त्यात बसतात का. बसत असतील तर डॉक्टरांच्या कागदावर निदान, किती सेशन आणि किती आठवडे हे तिन्ही लागतं, आणि पावतीवर फिजिओचा नोंदणी क्रमांक. माझा पहिला क्लेम परत आला कारण कागदावर फक्त "फिजिओथेरपी" असं लिहिलेलं. ऑफिसातही तसंच, रजेच्या फॉर्मवर निदानाचा रकाना असतो. मेनोपॉजमुळे अंग दुखतं असं लिहिलं तर पुढे काय होईल सांगता येत नाही, फ्रोझन शोल्डर लिहिलं की लगेच मंजूर. मी तेच लिहिलं, खरंच होतं की ते. टेबलाची उंची आणि माऊस बदलून मागितला, तो मात्र एका मेलवर मिळाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गायनॅककडे गेले. मला वाटलं होतं हार्मोनची तपासणी करतील. त्या म्हणाल्या पंचेचाळिशीनंतर पाळीचा गोंधळ आणि घाम असताना एफएसएच करायची सहसा गरज नसते, या काळात तो आकडा आज एक उद्या दुसरा येतो, पैसे वाचवा. त्यापेक्षा डेक्सा करा, हाडांची घनता बघायला, कारण माझ्या आईचा खुबा मोडला होता. तपासणी एकदम सोपी, झोपून राहायचं आणि मशीन वरून जातं, सुई वगैरे काही नाही. टी-स्कोअर मणक्यात उणे १.८ आला. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायला लागलीत पण ऑस्टिओपोरोसिस नाही. मी लगेच म्हटलं म्हणजे यामुळेच दुखतंय! तर नाही, हाडं विरळ होणं दुखत नाही, मोडेपर्यंत कळतही नाही, म्हणून तर मोजावं लागतं.

एचआरटीबद्दल, म्हणजे कमी झालेली हार्मोन्स औषधातून घेण्याबद्दल बोलणं झालं. मला भीती होती, कॅन्सर होतो एवढंच ऐकलेलं. ती भीती बरीचशी २००२ साली आलेल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि आताचं मत असं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. धोका शून्य नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गाठी झालेल्या असतील, लिव्हरचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर सहसा देत नाहीत. त्वचेतून, म्हणजे जेल किंवा पॅचने घेतलेल्या इस्ट्रोजेनने गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. पण नुसत्या सांधेदुखीसाठी म्हणून हे औषध नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, घाम, झोप आणि हाडं यांसाठी आहे, दुखणं काहींचं थोडं कमी होतं. मी तेव्हा म्हटलं विचार करते. कुणी घाई केली नाही हे मला आवडलं.

मार्च २०२४ मध्ये शेवटची पाळी आली. अर्थात शेवटची आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

खांदा थोडा मोकळा झाल्यावर मे महिन्यात फिजिओने ताकदीचे व्यायाम सुरू केले. मला वाटायचं दुखतंय तर आराम हवा, आणि वजन उचलणं वगैरे आपल्या वयाचं काम नाही. सुरुवात इतकी साधी होती की हसू आलं. खुर्चीतून हात न लावता उठायचं आणि बसायचं. भिंतीला हात टेकून पुश-अप. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. रबरी बँड ओढणं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. नियम एकच होता आणि तो मी अजून पाळते: दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद नाही करायचं. या "बंद नाही करायचं" वरच सगळं आहे. टेंडनला आरामाने बरं वाटतं पण ताकद येत नाही, त्याला हळूहळू वाढणारा भार लागतो.

पहिले दोन महिने काहीही फरक नाही. खरं सांगते, शून्य. मी सोडणारच होते, पण फिजिओने आधीच सांगून ठेवलं होतं की तीन महिन्यांच्या आत विचारायचं नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस जिना उतरून खाली आले आणि गेटपाशी पोचल्यावर लक्षात आलं की गुडघ्याकडे लक्षच गेलं नाही. टाच त्याआधीच शांत झाली होती. सप्टेंबरपासून हातात वजनं घेतली, डिसेंबरपर्यंत ती दुप्पट झाली, सुरुवातच एवढी कमी होती की दुप्पट म्हणजेही फार नाही.

मधे जानेवारी २०२५ मध्ये दोन आठवडे पुन्हा सगळं उसळलं. ऑफिसात वर्षअखेरीची कामं, झोप नाही, घाम रात्रीतून तीन-चारदा. बोटं, खुबा, मान सगळं एकदम. वाटलं गेलं सगळं पाण्यात. जुना कागद काढून बघितला तर आधीच्या वर्षी असे वाईट काळ महिना महिना चालायचे, आता दोन आठवड्यांत ओसरला. कागद नसता तर हे कळलंच नसतं, दुखत असताना आधीचे बरे दिवस आठवत नाहीत.

पेनकिलरचं विचारतात खूप जणी. चोळायचं जेल अंगठ्याला आणि गुडघ्याला छान लागू पडलं, आत खोल असलेल्या खुब्याला अर्थातच नाही. पोटात घ्यायच्या त्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या रोज रोज मनाने घेऊ नका, पोट, किडनी आणि बीपी तिन्हीला त्रास होऊ शकतो, बीपीची गोळी चालू असेल तर आधी विचाराच. ताईने कोलॅजनची पावडर आणि ग्लुकोसामाइन पाठवलं होतं, प्रेमाने. डबे संपवले. मला काही फरक कळला नाही, आणि त्या पैशात फिजिओचे किती सेशन झाले असते याचा हिशोब मी ताईला सांगितलेला नाही. तिच्या खांद्याचं मात्र याच गप्पांत कळलं, तिचाही हात ४९ व्या वर्षी दीड वर्ष वर जात नव्हता आणि तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये शेवटच्या पाळीला बारा महिने पूर्ण झाले. घाम आणि झोपेने मात्र पिच्छा सोडला नव्हता, म्हणून पुन्हा गायनॅककडे गेले आणि एचआरटी सुरू करायचं ठरवलं. आधी बीपी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, घरात कुणाला कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी झाल्यात का याची लांबलचक विचारपूस. मॅमोग्राफीची तारीख मिळायला वेळ गेला, त्यामुळे प्रत्यक्ष सुरुवात मे महिन्यात. महिन्याभरात घाम जवळजवळ थांबला, झोप सलग लागायला लागली. सकाळचं आखडणं साधारण तीन महिन्यांत बरंच कमी झालं. ते इस्ट्रोजेनमुळे, झोपेमुळे की वर्षभराच्या व्यायामामुळे, हे वेगळं काढता येत नाही, आणि डॉक्टरही म्हणाल्या की काढायला जाऊ नका. माझ्या एका मैत्रिणीने एचआरटी घेतलं नाही, तिला चालणारही नव्हतं, तिचं दुखणं व्यायाम आणि वेळ यांवरच उतरलं. म्हणजे तोही रस्ता आहे.

आता कुठे आहे ते सांगते. खांदा वर पूर्ण जातो, मागे चार बोटं कमी. अंगठा थंडीत आणि खूप टायपिंग झालं की बोलतो. खुब्यासाठी ती गुडघ्यांतली उशी अजून लागते, प्रवासाला पण घेऊन जाते, लोक हसतात. व्यायाम आठवड्यातून दोनदा ठरलेला आणि रोज चालणं. डी ची पातळी पुन्हा तपासून मगच पुढचा डोस ठरवला, मनाने महिनोन्महिने घेत राहू नका, जास्त झालं तर त्याचाही त्रास होतो.

आणि काही गोष्टींना मेनोपॉज समजून थांबू नका, हे मला दोन्ही डॉक्टरांनी बजावलं होतं. सांधा सुजला, लाल झाला, गरम लागतोय. ताप येतोय किंवा कारण नसताना वजन उतरतंय. दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या एकदम इतक्या आखडल्यात की अंथरुणातून उठवत नाही, विशेषतः पन्नाशीनंतर. हातापायाला बधिरपणा किंवा ताकद गेल्यासारखं. आणि छातीत, जबड्यात, हातात दुखून धाप लागत असेल तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, सरळ इमर्जन्सी.

रक्तस्रावाचंही तसंच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर नुसता डाग जरी दिसला तरी गायनॅकला दाखवायचं. एचआरटी रोज सलग घेत असाल तर पहिले तीन ते सहा महिने थोडं डाग पडणं चालतं, त्यानंतर पडलं तर तपासायचंच. माझी पुढची तपासणी मे महिन्यात आहे, बीपी आणि डोस तेव्हा बघतील, डेक्साही त्याच वेळी पुन्हा. फाइलमध्ये कागद लावून ठेवलाय, आता त्यावर रोज ओळ लिहीत नाही, दुखलं तरच लिहिते.